स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार : मामाची जुनी, माझी जड, आणि चुकीची तार

(या भागाचं हे लेखी रूप आहे. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय म्हणतात ते' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

गिटारबद्दल बोललो की एक प्रश्न ठरलेला असतो : 'घरी, कमी पैशात इलेक्ट्रिक गिटार बनवता येते का?' येते. पण पहिली स्वस्तात पडत नाही. का ते आज सविस्तर सांगतो. माझ्या खात्यात एक दुरुस्त केलेली आणि एक बनवलेली अशा दोनच गिटार आहेत, त्यामुळे मला कारागीर वगैरे समजू नका. चुका मात्र भरपूर केल्यात आणि त्या ताज्या आहेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. साधी लाकडी गिटार म्हणजे पेटी. आतली हवा, वरची पातळ फळी, सगळं मिळून आवाज तयार होतो. इलेक्ट्रिक गिटारला पेटी लागतच नाही. पोलादी तार चुंबकाच्या वर थरथरते, चुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेत त्यामुळे वीज तयार होते, आणि ती अॅम्प्लिफायरकडे जाते. बॉडी म्हणजे हे सगळं घट्ट धरून ठेवणारा ओंडका. लेस पॉल यांनी 1940 च्या सुमाराला चार इंच बाय चार इंचांच्या पाइनच्या खांबावर तारा ताणून हेच दाखवलं होतं. त्या गिटारीचं नावच 'द लॉग'. लिओ फेंडर तर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. 1950 साली त्यांनी जी गिटार बाजारात आणली तिचा नेक चार स्क्रूंनी बॉडीला आवळलेला होता. खराब झाला तर काढा, दुसरा लावा. आणि डॅनइलेक्ट्रोवाल्यांनी तर लाकडी चौकटीवर चक्क हार्डबोर्ड ठोकून गिटार विकल्या, पिकअपला लिपस्टिकच्या नळ्यांची आवरणं घातली. त्यामुळे आपल्या जुन्या कपाटाच्या दारातून गिटार बनवणं हा काही वेडेपणा नाही.

ब्रायन मेची 'रेड स्पेशल' तुम्हाला माहीत असेलच. 1963 मध्ये त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरी बनवायला घेतली. नेकला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, ट्रेमोलोला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. साधारण दोन वर्षं लागली. पुढे क्वीनची बहुतेक सगळी गाणी त्याच गिटारवर झाली. (आणि त्याच क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

तर माझी सुरुवात झाली मामाच्या गिटारपासून. घाटकोपरचा धाकटा मामा. ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गणपतीत मंडळांसमोर, लग्नात, कधी अलिबाग-पेणकडे. मग नोकरी, मग सगळं बंद. गिटार पोटमाळ्यावर गोणपाटात गुंडाळून पडली होती. गेल्या वर्षी घराचं रीडेव्हलपमेंट निघालं, माळा रिकामा करायला मी गेलो तर मामा म्हणाला, "ने भंगारात. नाहीतर तूच बघ काय होतंय ते." मी मुलुंडला घेऊन आलो. माझ्या वन बीएचकेची गॅलरी हीच वर्कशॉप. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, हा खालच्या आजींशी झालेला करार.

अवस्था बघा. ब्रिज गंजलेला. नेक पुढे वाकलेला, म्हणजे बाराव्या फ्रेटला तार बोटभर वर. व्हॉल्यूम फिरवला की चणे फुटल्यासारखा आवाज, आणि एक पिकअप पूर्ण मेलेलं.

नेकचं आधी सांगतो, कारण मुंबईत हे सगळ्यांनाच भोगावं लागतं. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं, हिवाळ्यात थोडं सुकतं, आणि वरून तारांचा सततचा ताण. नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती आवळली की नेक सरळ होतो. किती वाकलाय ते बघायला पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी किंवा जरा कमी फट हवी. जास्त असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा. पावच. मग रात्रभर तशीच ठेवा, सकाळी परत बघा. मला चार दिवस लागले. एका दमात आवळून सळई तुटली तर घरी दुरुस्ती नाही.

व्हॉल्यूमचा चरचराट सोपा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारायचा आणि नॉब वीसेक वेळा पूर्ण फिरवायचा. शिलाई मशीनचं तेल घालू नका, धूळ अजून चिकटते. माझा एक पॉट तरीही गेलेलाच होता, म्हणून लॅमिंग्टन रोड. सिंगल कॉइल पिकअपला 250 किलोओहमचा पॉट लागतो, आणि त्यावर 'ए' अशी खूण बघून घ्या. बहुतेक ठिकाणी 'बी' हातात ठेवतात. 'बी' लावला तर चालतं, पण आवाज फिरवता फिरवता फारसा बदलत नाही आणि शेवटी एकदम पडतो. 'ए' साठी मी तीन दुकानं फिरलो.

आता पिकअप. इथे माझी सगळ्यात मोठी फजिती झाली. मल्टिमीटर लावला तर काहीच दाखवेना, म्हणजे आतली तार तुटलेली. कधीकधी ती बाहेरच्या टोकालाच तुटलेली असते, एक टाका सोल्डरचा मारला की झालं. माझं नशीब तसं नव्हतं. सगळी तार काढून नवी गुंडाळायची ठरली. कुठेही वाचा, लिहिलेलं असतं : 42 गेज, साधारण आठ हजार वेढे. मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो, 42 गेज मागितली, त्याने दिली. घरी येऊन हँड ड्रिलवर बॉबिन बसवून गुंडाळायला लागलो. वेढे मोजायला साध्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर'च्या बटणाला रीड स्विच जोडला आणि फिरणाऱ्या भागावर चुंबक. एक अधिक एक केलं की पुढच्या दर फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. हा जुगाड झकास चालतो, नक्की करून बघा.

पण तीन हजार वेढ्यांतच बॉबिन गच्च भरली. मला कळेना. जोडून बघितलं तर आवाज म्हणजे शेजारच्या घरातला रेडिओ. रेझिस्टन्स हजार ओहमच्याही आत, जिथे सहा हजारांच्या आसपास हवा.

घोळ असा होता की गिटारवाल्यांचं 42 गेज हे अमेरिकन माप आहे, एडब्ल्यूजी. जाडी साधारण 0.063 मिलिमीटर. आपल्याकडे रिवाइंडिंगवाले ब्रिटिश एसडब्ल्यूजी वापरतात, आणि त्यातलं 42 म्हणजे 0.10 मिलिमीटर. दुकानदाराने मागितलं तेच दिलं, चूक माझीच. आपल्या बाजारात 46 एसडब्ल्यूजी मागायची, ती 0.061 च्या घरात असते. केसापेक्षा बारीक तार, जरा ओढली की तुटते. दोनदा तुटली, तिसऱ्यांदा सात हजार आठशे वेढ्यांवर थांबलो. त्या रात्री मल्टिमीटरवर पावणेसहा हजार दिसले तेव्हा बायकोला उठवून दाखवलं. तिने "छान" म्हटलं आणि कूस बदलली.

हे चालू असताना दुसरीकडे स्वतःची गिटार बनवायचं खूळ. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात सागवानी कपाटाचं एक दार सातशेला मिळालं. सागवान सुंदर दिसतं, पण तीन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, जुन्या लाकडात खिळे असतात. आधी चुंबक फिरवा. ओळखीच्या सुताराकडे कापायला नेलं आणि त्याचं पातं गेलं, त्याचे पैसे मी भरले. दोन, सागवान तेलकट असतं. चिकटवायच्या आधी जोड थिनरने पुसला नाही तर फेव्हिकॉल धरत नाही. तीन, वजन. साधारण इलेक्ट्रिक गिटार साडेतीन-चार किलोची असते. माझी रद्दीवाल्याच्या काट्यावर पाच किलो भरली. उभं राहून दोन गाणी वाजवली की खांदा बोलायला लागतो. आता घेतली असती तर शिवण घेतली असती, हलकी आणि कमी वाकणारी.

नेकही मीच बनवणार होतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर हलला तर पडदा सरकवता येतो. गिटारची फ्रेट एकदा ठोकली की ठोकली, त्यामुळे गणित आधीच बरोबर लागतं. तारेची लांबी 648 मिलिमीटर धरली तर तिला 17.817 ने भागा : 36.37. ही पहिली फ्रेट. उरलेल्या लांबीला परत 17.817 ने भागा, ती दुसरी. असं करत बारावी बरोबर अर्ध्यावर, 324 ला यायला हवी. माझी 319 ला आली! कारण मी प्रत्येक फ्रेट आधीच्या फ्रेटपासून मोजत गेलो आणि दर वेळी दशांश सोडून दिले. थोडं थोडं करत पाच मिलिमीटर. सगळी मापं शून्यापासून, म्हणजे नटपासूनच घ्यायची. तो नेक आता दाराला अडणा म्हणून वापरतो. नवा तयार नेक ऑनलाइन मागवला, बावीसशेला. ब्रिज बसवताना मात्र नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजलं, दुप्पट केलं, आणि जाड तारांसाठी दोन-तीन मिलिमीटर मागे जागा ठेवली. ते एकदाचं जमलं.

हिशेब विचाराल तर : दार सातशे, नेक बावीसशे, ब्रिज आणि ट्युनिंगच्या चाव्या चौदाशे, इलेक्ट्रॉनिक्स नऊशे. झाले बावन्नशे. वाया गेलेलं लाकूड, तार, सुताराचं पातं मिळून आणखी तीन हजार तरी. एवढ्यात वापरलेली पण वाजणारी गिटार सहज येते. फक्त वाजवायचंच असेल तर ती घ्या.

आता जे सांगायला मला जड जातंय ते. मामाच्या गिटारचं सगळं काम झाल्यावर ती 'नवी' दिसावी म्हणून मी तिचं जुनं पॉलिश काढलं. दोन रविवार पॉलिशपेपर घासला. डाव्या-उजव्या रंगाचे पोपडे, वरच्या कडेला एक मोठा उडालेला पट्टा, सगळं साफ. मामाला विचारलं नाही, सरप्राइज द्यायचं होतं.

घाटकोपरला भाड्याच्या घरात नेऊन दिली. मामाने मांडीवर घेतली, बघितली, आणि उजव्या हाताचा कोपराजवळचा भाग त्या वरच्या कडेवर ठेवून एकदम थांबला. तिथला रंग त्याच्या हातानेच गेलेला होता, दहा वर्षं घासून घासून. त्याला तो पट्टा डोळे मिटून सापडायचा. "छान केलीस रे," म्हणाला. दोनदा म्हणाला. ते मला अजून आठवतं. तेव्हा दुसऱ्याची गिटार हातात घेतलीत तर तारा बदला, वायरिंग करा, गंज काढा. लाकडावरच्या खुणांना हात लावण्याआधी मालकाला विचारा.

आणि त्याच दिवशी दुसरं घडलं. मामाने वाजवता वाजवता फ्रिजच्या दाराला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मुंग्या आल्या म्हणाला. हे नीट ऐका. गिटारमध्ये ब्रिजपासून एक वायर जॅकच्या ग्राउंडला गेलेली असते, म्हणजे तारा थेट अॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या. हम कमी होण्यासाठी ती लागतेच. पण घरात अर्थिंग नसेल, प्लगची तिसरी पिन नुसती शोभेची असेल, आणि जुन्या अॅम्पमधून वीज बॉडीत उतरत असेल, तर ती तारांवर येते. मग दुसऱ्या हाताने फ्रिज, नळ, माइक, काहीही पकडलं की वाट तुमच्यातून. 1972 मध्ये स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवर माइकला हात लावून असाच गेला.

आम्ही अॅम्प तिथेच बंद केला. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला : सॉकेटला अर्थची वायर जोडलेलीच नव्हती. ती ओढून घेतली आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. माझ्या सगळ्या खर्चात हा सगळ्यात योग्य खर्च. तुमचंही घर जुन्या इमारतीत असेल तर गिटार नंतर, आधी सॉकेट तपासून घ्या. तिसरी पिन कापून हम घालवायचा सल्ला कोणी दिला तर त्याचं ऐकू नका.

परत पॉलिश करून देऊ का, असं मामाला विचारलं. "नको आता, राहू दे," म्हणाला. फक्त दमट हवेपासून वाचावी म्हणून जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले, त्याच्यासमोर बसून. तो आता संध्याकाळी अर्धा तास वाजवतो. जून आलाय, नेक परत हलणार, तेव्हा अॅलन की घेऊन घाटकोपरला चक्कर आहेच.

पुढच्या भागात सोल्डरिंग. पंचवीस वॉटची इस्त्री घेऊन बसू. भेटू.