डीव्हीडीचा मेनू: कुणाला भारी आवडायचा, कुणाच्या डोक्याला ताप! असं का व्हायचं?

मंडळी, आठवतंय का बघा. डीव्हीडी प्लेअरचा ट्रे आत जायचा, तबकडी घरघरायला लागायची. टीव्हीवर आधी काळा पडदा, मग कॉपी करू नका म्हणून इंग्रजीतली ताकीद, मग कंपनीचा लोगो, मग भलत्याच दोन-तीन सिनेमांच्या जाहिराती. एवढं सगळं झाल्यावर सिनेमा सुरू होईल म्हणून तुम्ही सरसावून बसायचात आणि समोर यायचा तो मेनू!

मागे सिनेमातली दृश्यं फिरतायत, तीस-चाळीस सेकंदांचं संगीत वाजतंय, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सिनेमा बघता बघता डोळा लागला, तर पहाटे तीनला जाग यायची ती याच संगीतानं. तोवर ते शे-दोनशे वेळा तरी वाजून झालेलं असायचं.

या मेनूवरून बघणाऱ्यांमध्ये सरळ दोन तट होते. एक म्हणायचा, मेनू हा सिनेमाचाच भाग आहे, त्याशिवाय मजा नाही. दुसरा म्हणायचा, ते नाचगाणं राहू दे, आधी पिक्चर लाव! गंमत म्हणजे दोघांचंही खरं होतं. कसं ते समजून घ्यायचं तर मेनू आतून कसा चालायचा, हे बघावं लागेल.

व्हिडिओ कॅसेटला मेनू नव्हता. लावली की सुरू, संपली की रिवाइंड. मग १९९३ मध्ये व्हीसीडीचं तंत्र ठरलं. एका तबकडीवर साधारण सव्वा तास मावायचा, म्हणून हिंदी सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांवर यायचा आणि ऐन रंगात आलेला असताना कुणाला तरी उठून तबकडी बदलावी लागायची. व्हीसीडीतही मेनूची सोय होती, पण ती यादी दाखवा आणि आकडा दाबा इतपतच.

डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आली आणि अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये. एका थराच्या तबकडीत ४.७ जीबी, दोन थरांच्या तबकडीत ८.५ जीबी जागा. म्हणजे एकाच तबकडीवर सिनेमा, तीन-चार भाषांतला आवाज, सबटायटल्स, दिग्दर्शकाची कॉमेंट्री, कापलेले प्रसंग, सगळंच! आता एवढं सामान ठेवलं की ते कुठं आहे हे सांगायला पाटी लागणारच. मेनू आला तो या गरजेपोटी. सजावट नंतर आली.

मेनू म्हणजे चक्क एक व्हिडिओ

आज मोबाईलवर आपण जे मेनू बघतो, ते सॉफ्टवेअर त्या क्षणी तयार करून दाखवतं. डीव्हीडीचं तसं नव्हतं. डीव्हीडीचा मेनू म्हणजे आधीच तयार करून ठेवलेला व्हिडिओ किंवा स्थिर चित्र. त्यावर एक पातळ पारदर्शक थर. सबटायटल्स ज्या थरावर उमटतात, तोच हा थर. या थराला एका वेळी फक्त चार रंग वापरता यायचे आणि त्यातला एक बहुतेकदा पारदर्शक ठेवावा लागायचा. एका मेनूवर जास्तीत जास्त ३६ बटणं बसायची. तुम्ही रिमोटवरचा बाण दाबला की प्लेअर फक्त त्या जागेचा रंग बदलायचा. बस्स, एवढाच खेळ!

त्यामुळे बटण हलतंय, फुगतंय, उजळतंय असलं काही सहजासहजी करता यायचं नाही. शब्दाखाली एक रेघ ओढा, शेजारी ठिपका द्या किंवा अक्षरांचा रंग बदला, इतकंच हातात. मागचा व्हिडिओ रंगीबेरंगी असेल, तर ती बारीक पिवळी रेघ त्यात पार हरवून जायची. हॉलच्या दुसऱ्या टोकाला सोफ्यावर बसलेल्या आजोबांना 'कुठलं बटण लागलंय ते दिसत नाही रे' असं म्हणावं लागायचं, ते काही फक्त चष्म्यामुळे नव्हे!

यातला सगळ्यात वैतागवाणा प्रकार म्हणजे दोनच पर्याय असलेला मेनू. समजा पडद्यावर लिहिलंय, 'सबटायटल्स चालू' आणि 'सबटायटल्स बंद'. एक पिवळं, एक पांढरं. आता निवडलेलं कुठलं? पिवळं की पांढरं? बाण दाबून बघितलं तर रंगांची अदलाबदल होणार, प्रश्न तिथंच! तीन पर्याय असते तर वेगळं दिसतंय तेच निवडलेलं, हे पटकन कळलं असतं. दोनमध्ये ते कळत नाही. ही चूक इतक्या तबकड्यांवर होती की मेनू बनवणाऱ्यांनी स्वतः कधी सोफ्यावर बसून रिमोट हातात घेतला होता की नाही, अशी शंका येते.

आपणच मठ्ठ आहोत असं वाटत असेल तर थांबा. वस्तूंची रचना माणसाला सोयीची कशी असावी, यावर जगभर वाचलं जाणारं पुस्तक लिहिणारे डॉन नॉर्मन यांनी २००१ मध्ये डीव्हीडीच्या मेनूवर खास लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सुरुवातीच्या वेबसाइट बनवताना ज्या चुका झाल्या, त्याच इथं नव्यानं केल्या जात आहेत. म्हणजे दिखावा भरपूर आणि वापरणाऱ्याचे हाल.

त्यात भर म्हणजे मधल्या क्लिपा. 'प्रसंग निवडा' दाबलं की लगेच यादी यायची नाही. आधी दार उघडणार, कॅमेरा बोगद्यातून जाणार, तलवारी खणखणणार आणि मग यादी. लेझरला तबकडीवरची पुढची जागा शोधायला वेळ लागतो, तो काही अंशी या क्लिपांमुळे झाकला जायचा हे खरं. पण पहिल्यांदा भारी वाटलेली क्लिप पाचव्यांदा बघताना कुणालाही वीट येईल.

रिमोट तुमच्या हातात, पण ताबा कुणाकडे?

लोक सर्वाधिक कशावर चिडायचे, तर पुढं जाऊ न देण्यावर. तुम्ही फॉरवर्ड दाबलं की टीव्हीच्या कोपऱ्यात छोटा हात किंवा काट मारलेलं चिन्ह यायचं. म्हणजे 'आत्ता हे चालणार नाही'. प्लेअर बिघडलाय असं अनेकांना वाटायचं, पण तो बिचारा हुकमाचा ताबेदार होता. तबकडीच्या कुठल्या भागात रिमोटची कुठली बटणं बंद ठेवायची, हे डीव्हीडी बनवतानाच तिच्यावर लिहून ठेवता यायचं. कायद्याची ताकीद कुणी टाळू नये, यासाठी ही सोय वापरली जायची. कंपन्यांनी तीच जाहिरातींनाही लावली!

यातला विनोद बघा. विकत घेतलेल्या अस्सल डीव्हीडीवर ताकीद आणि जाहिराती निमूट बघाव्या लागायच्या, आणि फुटपाथवरच्या चोरीच्या कॉपीत ती कटकट बहुतेक वेळा नसायची. पैसे मोजणाऱ्यालाच शिक्षा.

पण मग दुसऱ्या तटाचं काय? मेनूवर जीव टाकणारेही होतेच, आणि त्यांना कारणंही तशीच होती.

'द मेट्रिक्स'ची डीव्हीडी १९९९ मध्ये आली. त्यात एक सोय होती. ती सुरू करून सिनेमा लावला की काही प्रसंगांत पडद्यावर पांढरा ससा दिसायचा. तो दिसताच रिमोटवर एंटर दाबलं, तर तो प्रसंग कसा चित्रित केला ते दाखवून पुन्हा सिनेमात आणून सोडायचे. सिनेमातच नायकाला पांढऱ्या सशामागे जायला सांगितलेलं असतं, त्यामुळे बघणाऱ्यालाही आपण त्या खेळात आहोत असं वाटायचं.

त्याहून कमाल 'मेमेंटो'च्या २००२ मधल्या खास आवृत्तीची. हा सिनेमा उलट्या क्रमानं उलगडतो. मेनू कसा? मानसशास्त्रीय चाचणीच्या प्रश्नपत्रिकेसारखा! आणि त्यात एक गुपित. गाडीचं चाक बदलणाऱ्या बाईची काही चित्रं दाखवली जायची. ती उलट्या क्रमानं लावली, तर सगळा सिनेमा घडला त्या सरळ क्रमानं बघायला मिळायचा. आमच्या मते मेनूचा इतका चोख वापर फार थोड्यांनी केला असेल.

मात्र हाच उत्साह अंगाशीही यायचा. पहिल्या 'हॅरी पॉटर'च्या डीव्हीडीवर कापलेले प्रसंग बघायला आधी जादूच्या बाजारात फिरून एकामागून एक कोडी सोडवावी लागायची. शाळकरी मुलांना मजा होती, पण ज्याला फक्त ते प्रसंग बघायचेत, त्यानं रिमोट घेऊन किती वेळ बाण दाबत बसायचं?

म्हणून उलट दिशेनंही प्रयोग झाले. सोनीच्या कोलंबिया ट्रायस्टारनं २००१ मध्ये 'सुपरबिट' नावाच्या डीव्हीडी काढल्या. ज्यादा व्हिडिओ नाहीत, मेनू अगदी साधा, आणि वाचलेली सगळी जागा चित्र आणि आवाजासाठी. तबकडीवरची जागा ठरलेली, तेव्हा सजावट वाढली की दुसरीकडे कुठंतरी काटछाट आलीच, हा हिशेब त्यांनी ओळखला होता. दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी तर 'मलहॉलंड ड्राइव्ह'च्या डीव्हीडीवर प्रकरणंच ठेवली नाहीत. मधला प्रसंग निवडून बघायची सोयच नाही, बघायचा तर सलग बघा!

डिस्नेनं वेगळाच तोडगा काढला. 'फास्टप्ले' असलेली तबकडी घातली आणि कुठलंही बटण दाबलं नाही, तर जाहिराती, सिनेमा असं सगळं आपोआप चालू राहायचं. ज्याला मेनू हवाय त्यानं बटण दाबावं. तोच सिनेमा चाळिसाव्यांदा मागणारं तीन वर्षांचं पोर घरात असलेल्या आईबापांना याचं मोल विचारा.

आपल्याकडे मेनूत हवी होती गाणी

आपल्याकडच्या डीव्हीडीवर एक गोष्ट असायची, जी हॉलिवूडच्या डीव्हीडीवर दिसणं कठीण. गाण्यांचा वेगळा मेनू! सिनेमा बघितला नाही तरी चालेल, पण गाणी थेट लावता आली पाहिजेत. पाहुणे आले, दिवाळीची साफसफाई चालली आहे, लावा गाणी. प्रसंगांच्या यादीपेक्षा हा मेनू कितीतरी जास्त वापरला जायचा, हे ज्यांच्या घरी डीव्हीडी होती ते सगळे सांगतील.

मोझर बेअरनं २००७ मध्ये २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली आणि अस्सल तबकडी भाजीच्या पिशवीतून घरी यायला लागली. त्याच सुमारास एका तबकडीत तीन-चार सिनेमेही मिळायचे. त्यांचा मेनू म्हणजे नुसती पोस्टरं शेजारी शेजारी. दिसायला ओबडधोबड, पण कुणी कधी त्यात गोंधळलं नाही.

पुढं ब्लू-रे आली. तिच्यात सिनेमा न थांबवता खालून वर येणारा मेनू देता यायला लागला, ही फार मोठी सोय होती. पण अनेक ब्लू-रे तबकड्यांचे मेनू जावा भाषेत लिहिलेले असतात. अशी तबकडी लोड व्हायला वेळ लागतो, आणि बनवणाऱ्यानं मुद्दाम सोय केली नसेल, तर बंद करून पुन्हा लावल्यावर सिनेमा पहिल्यापासून सुरू होतो. साध्या डीव्हीडी प्लेअरला जे आपसूक जमायचं, ते महागड्या यंत्राला जमेना!

आता तर तबकडीच गेली. नेटफ्लिक्सनं सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतली डीव्हीडी घरपोच पाठवायची सेवा बंद केली. पण भांडण तेच आहे. नुसतं पोस्टरवर थांबलं की ट्रेलर आपोआप वाजायचा, त्यावर लोक इतके वैतागले की फेब्रुवारी २०२० मध्ये नेटफ्लिक्सला तो बंद करायची सोय द्यावी लागली. आणि 'स्किप इंट्रो'चं बटण? २०२२ मध्ये नेटफ्लिक्सनंच सांगितलं की ते दिवसाला १३ कोटी ६० लाख वेळा दाबलं जातं. कॉमेंट्री आणि कापलेले प्रसंग मात्र बहुतेक ठिकाणी गायब आहेत.

जाता जाता एक कामाची गोष्ट. तुमच्या घरी लग्नाची डीव्हीडी असेलच. फोटो स्टुडिओवाल्यानं बदामात नवरा-नवरीचा फोटो घालून, मागे सनई लावून मेनू बनवलेला असेल: हळद, सीमांत पूजन, लग्न, रिसेप्शन. ही तबकडी कारखान्यात छापलेली नसते. तिच्यावर रंगद्रव्याचा थर असतो आणि त्यावर लेझरनं माहिती लिहिलेली असते. ऊन आणि उष्णतेनं तो थर खराब होतो. त्यामुळे ती आत्ताच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

पण नुसती एमपी४ फाइल करून घेऊ नका. त्यात व्हिडिओ येईल, मेनू जाईल. तबकडीवरचा 'व्हिडिओ टीएस' नावाचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा किंवा पूर्ण तबकडीची आयएसओ फाइल बनवा. मेनूची चित्रं आणि कुठलं बटण कुठं नेतं याच्या सूचना त्याच फोल्डरमधल्या छोट्या फाइलींमध्ये असतात, त्यामुळे कुठलीही फाइल फालतू समजून गाळू नका. व्हीएलसी प्लेअर फुकट मिळतो. त्यात हा फोल्डर किंवा आयएसओ फाइल डीव्हीडी म्हणून उघडली की मेनूसकट चालते. बाणाच्या ऐवजी माऊसनं क्लिक केलं तरी चालतं, आणि हो, सनईसुद्धा वाजते.