तहानेचा हिशेब

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर २०१२ साली मी आणि सौ. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघालो. दिवे घाटात मी पाण्याची बाटली पुढे केली, तर तिने मान हलवली. "नको. इथं आडोसा कुठंय?"

शेजारच्या आजी हसल्या. "आम्ही पहाटे अंधारात उरकतो बाबा. मग दिवसभर घोट मोजायचे."

आयुष्यभर हिशेब तपासले, पण हा कधी दिसलाच नव्हता.

२०१५पासून पालखीतळांवर फिरती शौचालये उभी राहू लागली, हे उत्तमच झाले. पण नुसत्या खोल्या मांडून भागत नाही. पाणी, दिवा, आतून लागणारी कडी आणि वेळेवर येणारी मैला उपसण्याची गाडी हवी. आपल्या गावची जत्रा, सभा, संमेलन ठरवताना मांडवाच्या आधी एवढे विचारा: इथे येणारी बाई पोटभर पाणी पिऊ शकेल ना?