ट्रकमालकाच्या दारात तडजोड नको

ट्रकच्या धडकेत घरातला कमावता माणूस गेला की तेराव्याच्या आतच ट्रकमालकाकडून कोणीतरी लाख-दोन लाखांची थप्पी घेऊन येतो आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागतो. ती करू नये. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार प्रत्येक ट्रकला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे, म्हणजे पैसे मुख्यतः विमा कंपनीकडून यायचे असतात. हिशेबही ठरलेला आहे. 32 वर्षांचा भाजीविक्रेता महिना 15,000 कमवत असेल, तर भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 21,000 होतात. चार अवलंबितांसाठी त्याचा स्वतःचा पाव खर्च वजा केला की वर्षाचे 1,89,000 उरतात. या वयाचा गुणक 16, म्हणजे 30 लाख 24 हजार. सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची ही रीत आहे.

पगाराची पावती नाही म्हणून दावा बुडत नाही. न्यायाधिकरण अंदाजे उत्पन्न धरते, गृहिणीच्या कामाचेही मोल धरते. चालकाचा परवाना बाद असला, तरी अनेक प्रकरणांत कंपनीने आधी भरपाई द्यायची आणि नंतर मालकाकडून वसूल करायची, असे आदेश होतात. मृताची थोडी चूक असेल तर तेवढाच वाटा कापला जातो. कोर्टाला वेळ लागतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण रकमेवर सहसा अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळते. दावा आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची लिहिली आहे, तेव्हा एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती आजच मागून घ्या.