सही नसलेली चाळीस वर्षे

अमूल लोण्याची १९६६ मध्ये सुरू झालेली जाहिरातमालिका साठीला पोहोचत असताना कौतुकाचा सारा झोत ठिपक्यांच्या फ्रॉकमधल्या मुलीवर पडणे स्वाभाविक आहे. मात्र १९८०च्या दशकाच्या मध्यापासून, म्हणजे सुमारे ४० वर्षे, तिला रेखाटणारे जयंत राणे यांचे नाव त्या कौतुकात क्वचितच ऐकू येते. उपयोजित कलेत, म्हणजे दुसऱ्याच्या कामासाठी व दुसऱ्याच्या नावाने होणाऱ्या कलेत, हे नित्याचेच मानले जाते. ते न्याय्य मात्र नाही.

मूळ मुलगी राणे यांची नव्हे. सिल्वेस्टर दाकुन्हा यांच्या मुंबईतील एजन्सीत कलादिग्दर्शक युस्टेस फर्नांडिस यांनी ती घडवली, ‘अटर्ली बटर्ली’ या घोषवाक्याला सिल्वेस्टर यांच्या पत्नी निशा दाकुन्हा यांचा हातभार लागला, आणि प्रत्येक जाहिरात आधी मंजूर करून घेण्याची अट अमूलचे डॉ. वर्गीस कुरियन यांनी घातली नाही. ही मोकळीक नसती तर चालू घडामोडींवरची जाहिरात, धंद्याच्या बोलीत ‘टॉपिकल’, छापून येईपर्यंत शिळी झाली असती. राणे आले तेव्हा मुलगी घरोघरी ओळखीची झाली होती, आणि त्यामुळेच त्यांच्या वाट्याला आलेले काम नवनिर्मितीपेक्षा अवघड होते: दुसऱ्याची रेषा आपली करायची आणि आपली रेषा कोठे दिसू द्यायची नाही.

अर्कचित्र, म्हणजे चेहऱ्यातील मोजके विशेष ताणून काढलेले विनोदी चित्र, स्वतंत्र व्यंगचित्रकार काढतो तेव्हा त्याची शैली हीच त्याची मालमत्ता असते, आर. के. लक्ष्मण यांची सही झाकली तरी चित्र कोणाचे हे कळत असे. याउलट अमूलच्या होर्डिंगवरचा पंतप्रधान, क्रिकेटचा कर्णधार किंवा नव्या चित्रपटाचा नायक धावत्या बसमधून एका नजरेत ओळखू यावा लागतो, म्हणून भुवई, जबडा, केसांचा भांग ताणावा लागतो; पण तोच चेहरा गोल डोळ्यांच्या मुलीशेजारी परका दिसता कामा नये, म्हणून तो ताण वेळीच आवरावाही लागतो, कारण राजकीय व्यंगचित्राची बोच लोण्याच्या विक्रीला परवडणारी नसते. मुलगी प्रसंगानुसार खेळाडूचा गणवेश घालते, कधी नटीचा पेहराव करते, तरी तिचे निळे केस आणि फुगरे गाल बदलत नाहीत.

१९९०च्या दशकापासून सिल्वेस्टर यांचे पुत्र राहुल दाकुन्हा, शब्दलेखक मनीष झवेरी आणि राणे या त्रिकुटाने ही मालिका चालवली. पूर्वी लहान चित्र चौकटी आखून पत्र्यावर हाताने मोठे रंगवले जाई; फ्लेक्सच्या छपाईने आणि पुढे समाजमाध्यमांनी ती उसंत हिरावली आणि आठवड्याला एका जाहिरातीऐवजी अनेक जाहिराती निघू लागल्या. या घाईत अलीकडच्या कोट्या पुष्कळदा ओढूनताणून आणलेल्या वाटतात (‘गणपती बाप्पा मोरे घ्या’ या जुन्या ओळीवर निदान भांडण तरी झाले होते). चित्र मात्र सहसा ढिले पडत नाही, आणि त्याचे श्रेय मुरलेल्या हातालाच द्यावे लागते.

अशा दीर्घ सेवेचा गौरव करताना संस्था वर्षे मोजतात, शाल-श्रीफळ देतात आणि निष्ठेवर भाषणे करतात, जणू नोकरी न सोडणे हाच मुख्य गुण होता. अभिकल्पाच्या, म्हणजे डिझाइनच्या, व्यवसायात खरे भांडवल असते ते हातात साठलेल्या स्मृतीचे. १९८९ मध्ये कसोटीत उतरलेला १६ वर्षांचा सचिन तेंडुलकर २०१३ मध्ये निवृत्त झाला, आणि तो सारा काळ राणे यांच्या कारकिर्दीत मावतो. वय वाढत जाणारा चेहरा दर वेळी नव्याने ओळखीचा करणे आणि शेजारच्या मुलीचे वय मात्र जराही वाढू न देणे, हे कौशल्य नियमांच्या पुस्तिकेत लिहून नव्या माणसाच्या हाती देता येत नाही. अमूलच्या जाहिरातींतून देशाचा इतिहास वाचणारे ‘अमूल्स इंडिया’ हे पुस्तक २०१२ मध्ये निघाले. आता त्याच जाहिराती एका चित्रकाराचे काम म्हणून, कच्ची रेखाटने आणि रद्द केलेले चेहरे यांसह, एखाद्या कलादालनात क्रमाने मांडल्या जाव्यात, आणि तेथील पाटीवर त्याचे नाव ठळक अक्षरांत असावे.