गंगथडीची गोष्ट पडद्यासाठी कोण लिहिणार?

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणारा महामार्ग शहागडला गोदावरी, म्हणजे इथल्या बोलीतली गंगा, ओलांडतो. पुलाच्या अलीकडे जालना जिल्ह्यातला अंबड तालुका, पलीकडे बीडमधला गेवराई. २०२३च्या ऑगस्टअखेरीस सुरू झालेल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे शहागड आणि अंतरवाली सराटी ही नावं घरोघरच्या टीव्हीवर पोहोचली. २०२४ साली त्यावर ‘संघर्षयोद्धा’ हा सिनेमाही आला. एरवी मालिका-सिनेमांत हा गंगथडीचा टापू फारसा दिसत नाही. टीव्हीवरचं ‘गाव’ बहुतेक वेळा कोल्हापूर-साताऱ्याकडचं असतं, कारण तिकडचे लिहिणारे टीव्हीपर्यंत पोहोचले. ‘लागिरं झालं जी’ला सातारी बाज आला तो तेजपाल वाघ यांच्या लेखणीतून. कॅमेरा, दिवे, नट मुंबईहून आणता येतात. ‘काय करायलास?’ असं विचारणारा माणूस मात्र इथल्याच कुणीतरी लिहावा लागतो.

तो कसा लिहितात? कादंबरीत ‘आजीला नातवाची काळजी वाटत होती’ एवढं वाक्य पुरतं. पटकथेत ते चालत नाही. जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच तिथे लिहायचं. म्हणून कागदावर असं काहीतरी उतरतं:

दृश्य ७. अंतर्गत. एसटी बस, शहागडचा पूल. सकाळ.
खिडकीशी आजी. पदराची गाठ सोडून नाणं काढते, गंगेत टाकते, हात जोडते. शेजारचा नातू मोबाइलमधून मान वर करत नाही. आजी दुसरं नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवते. तो ते खिशात घालतो.

संवाद एकही नाही, तरी दोन पिढ्यांमधलं अंतर कळलं. वरची ‘अंतर्गत, पूल, सकाळ’ ही ओळही शोभेची नसते. बस किती दिवस भाड्याने लागेल, उजेड कधीचा हवा, पुलावरची वाहतूक थांबवायची का, हे सगळं त्या ओळीवरून ठरतं. ढोबळमानाने पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. दोन तासांच्या सिनेमाला शंभर-सव्वाशे पानं होतात आणि ती कैक वेळा नव्याने लिहावी लागतात.

नाणं पाण्यात टाकणारी आजी ज्याने पाहिली आहे, त्यालाच ती सुचते. गदिमांचं, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचंच पाहा. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथे कैद्यांसाठी खुल्या तुरुंगाचा प्रयोग केला होता. माडगूळकर त्याच माणदेशातले. त्या प्रयोगावरून त्यांनी कथा लिहिली, व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. माणदेशासारख्या दुष्काळी मुलखातली गोष्ट थेट जर्मनीत जाऊन पोहोचली.

मराठवाड्यातून या धंद्यात शिरण्याची जुनी वाट नाटकाच्या तालमीतून जाते. तेव्हाच्या औरंगाबादच्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी पुढे आले. अजित आणि प्रशांत दळवी यांनी लिहिलेल्या ‘आजचा दिवस माझा’ला २०१३ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणखी जवळचं, माझ्या मते सगळ्यात मोलाचं उदाहरण जालना जिल्ह्यातलंच. समर्थ रामदासांच्या जांब समर्थचे राजकुमार तांगडे यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिलं. २०१२ साली नंदू माधव यांच्या दिग्दर्शनाखाली आलेल्या या नाटकात शेतीवाडी करणारी इथलीच माणसं उभी राहिली आणि महाराष्ट्रभर गाजली. संहिता गावातली, बोली गावातली. तिला मुंबईच्या प्रेक्षकाने डोक्यावर घेतलं. पुलापलीकडच्या बीड जिल्ह्यातले अरविंद जगताप यांनी ‘चला हवा येऊ द्या’साठी लिहिलेली पत्रंही तशीच. पोस्टमन झालेला सागर कारंडे ती वाचायचा आणि हसायला बसलेली घरं गप्प व्हायची.

टीव्हीचा रोजचा व्यवहार मात्र निराळा आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांचं कथानक उरतं, आणि असे भाग आठवड्याला सहा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी वाटणी सर्रास असते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर एखाद्या पात्राचं भवितव्य फिरू शकतं. मोबदला बहुधा भागामागे ठरतो. मालिका बंद झाली की मिळकतही बंद. नव्या लेखकाने दुसरा काही आधार न सोडता सुरुवात करावी, हे मी मनापासून सांगेन.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कायदा माहीत नसल्याने. सुचलेल्या कल्पनेवर कुणाचीच मालकी नसते. आर. जी. आनंद यांनी आपल्या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ सिनेमा उचलल्याचा दावा केला होता, तेव्हा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. संरक्षण मिळतं ते कल्पना ज्या रीतीने मांडली त्या मांडणीला. त्यामुळे निर्मात्याला तोंडी गोष्ट ऐकवून घरी परतणारा लेखक हात हलवत परततो. लिहून काढलेल्या मजकुरावर हक्क आपोआप निर्माण होतो. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. वाद झाला तर तारखेचा पुरावा हवा, म्हणून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहितेची नोंद करावी. ती ऑनलाइन होते. शहागडला बसूनही करता येते. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा करारातही सोडून देता येत नाही. तो प्रत्यक्ष हाती पडायला झगडावं लागतं, हेही खरं.

अंबड-गेवराईच्या एखाद्या कॉलेजात स्नेहसंमेलनाची एकांकिका लिहिणारी पोरं-पोरी दरवर्षी असतात. त्यांना सांगणं एवढंच: मुंबईची गाडी पकडण्याआधी पूर्ण संहिता लिहून काढा, तिची नोंद करा, आणि करारावर सही करण्यापूर्वी मानधनाचे हप्ते आणि श्रेयनामावलीतलं तुमचं नाव, ही दोन कलमं शब्दन्‌शब्द वाचा.