फुटबॉलपटूंचे उडी-प्रशिक्षण व शरीरसमतोल

फुटबॉलमध्ये खेळाडूला वारंवार एकाच पायावर शरीर तोलावे लागते. एका पायाने चेंडू मारताना वा अडविताना सारा भार दुसऱ्या, म्हणजे आधाराच्या पायावर येतो. डोक्याने चेंडू मारण्यासाठी घेतलेली उडी प्रतिस्पर्ध्याचा धक्का लागून हवेतच कलते आणि खेळाडू पुष्कळदा एका पायावर उतरतो. त्यामुळे उडीचे व्यायाम शक्तीसाठी आणि समतोलाचे व्यायाम निराळे, ही विभागणी या खेळाला फारशी लागू पडत नाही. उतरणे हाही उडीचाच भाग असून समतोलाच्या दृष्टीने तोच अधिक अवघड होय.

उडी-प्रशिक्षणाचे तत्त्व असे, की स्नायू प्रथम वेगाने ताणला जाऊन लागलीच आकुंचित झाला, तर त्याचे बल वाढते. खाली दबताना पोटरीची व मांडीची कंडरा रबरी पट्ट्याप्रमाणे ऊर्जा साठविते. दबणे व उसळणे यांत विलंब झाल्यास ही ऊर्जा वाया जाते, म्हणून जमिनीला पाय टेकण्याचा काळ शक्यतो पाव सेकंदाहून कमी ठेवतात. सोव्हिएट प्रशिक्षक यूरी व्हेर्खोशान्स्की यांनी १९६० नंतरच्या दशकात उंचावरून खाली उतरून तत्काळ उडी घेण्याची पद्धती मैदानी खेळांसाठी विकसित केली. ‘प्लायोमेट्रिक्स’ ही संज्ञा अमेरिकन प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी १९७५ मध्ये रूढ केली.

समतोलासाठी मेंदूला डोळे, अंतर्कर्णातील समतोलेंद्रिय आणि स्नायू, कंडरा व सांधे यांतील संवेदी चेता यांच्याकडून सतत माहिती मिळते. फुटबॉलपटूची नजर चेंडूवर असल्याने पायांखालच्या जमिनीची जाणीव त्याला मुख्यतः घोटा व गुडघा यांकडूनच होते. स्थिर उभे असताना शरीर कलले, तर ही जाणीव मेंदूपर्यंत पोहोचून दुरुस्ती होण्यास पुरेसा अवधी असतो; उडीनंतर तो नसतो. गुडघ्यात एकमेकांना छेदणाऱ्या दोन अस्थिबंधांपैकी पुढचा (एसीएल) तुटतो, तो बहुधा पाय टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत. जाणीवपूर्वक प्रतिसादाला याच्या कित्येक पट वेळ लागतो. अर्थात तोल सावरण्याची तयारी पाय टेकण्यापूर्वी, हवेतच व्हावी लागते : मांडीच्या मागील व नितंबाचे स्नायू आधीच योग्य प्रमाणात ताणलेले असावे लागतात. ही पूर्वतयारी नुसत्या उपदेशाने येत नाही. ती अचूक उतरण्याच्या पुनरावृत्तीनेच अंगवळणी पडते. उडी-प्रशिक्षणाने समतोल सुधारतो याचे मर्म येथे आहे.

ही दुखापत अनेकदा कोणाचाही धक्का न लागता होते आणि शस्त्रक्रियेनंतर खेळाडू सामान्यतः नऊ महिने वा अधिक काळ खेळापासून दूर राहतो. मुलींमध्ये तिचे प्रमाण मुलांच्या सु. दोन ते तीन पट आढळते. इटलीतील ६०० फुटबॉलपटूंविषयी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डुलत्या फळीवरील समतोल-सरावाने ती पुष्कळ कमी झाल्याचे दिसले. परंतु २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील महिला खेळाडूंवरील अभ्यासात केवळ फळीवरच्या सरावाचा तसा लाभ आढळला नाही. फळीवर स्थिर उभे राहणे व वेगात येऊन एका पायावर उतरणे ही भिन्न कौशल्ये आहेत, हे येथे विसरता येत नाही. फिफाच्या वैद्यकीय केंद्राने २००६ मध्ये इतर संस्थांच्या सहकार्याने तयार केलेल्या ‘११+’ या सु. वीस मिनिटांच्या कार्यक्रमात म्हणूनच धावणे, स्नायुबल, समतोल व उड्या एकत्र गुंफल्या आहेत. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवरील चाचणीत (२००८) या कार्यक्रमाने एकूण दुखापती सु. एक-तृतीयांशाने व गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. मात्र कार्यक्रम नियमित केला तरच असे फळ मिळते. प्रत्यक्षात क्लबांमधून तो पुष्कळदा मागे पडतो, ही त्याची खरी अडचण होय.

प्रशिक्षणाचा आरंभ उडीने नव्हे, तर उतरण्याने करावा. दोन्ही पायांवर, गुडघे व नितंब वाकवून, आवाज न करता उतरावे. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहावा, आत झुकू नये. हे साधल्यावर बाजूस व तिरप्या उड्या, मग एका पायावर उतरून दोन-तीन क्षण स्थिर राहणे आणि शेवटी उडीतच चेंडू झेलणे वा साथीदाराचा हलका धक्का सोसणे, असा क्रम ठेवतात. सराव आठवड्यातून दोनदा, शरीर तापल्यावर पण थकण्यापूर्वी घ्यावा. पुनरावृत्त्यांच्या संख्येपेक्षा उतरण्याची शुद्धता महत्त्वाची असल्याने गुडघा आत पडू लागताच संच थांबवितात. उंचावरून उतरून घेण्याच्या उड्या स्नायुबल पुरेसे नसलेल्या मुलांना देऊ नयेत. आपल्याकडील उन्हाळ्यात टणक झालेल्या मैदानांवर तर उडीचा सराव गवतावर किंवा चटईवरच घेणे इष्ट ठरते. प्रगती मोजण्यासाठी खेळाडूला एका पायावर उभे करून दुसरा पाय पुढे व मागच्या दोन तिरप्या दिशांना किती दूर पोहोचतो, हे पाहतात. उजव्या-डाव्या पायांतील ठळक फरक आढळल्यास दुबळ्या पायाचा सराव वाढवितात.