एकट्याने केस कापायला जाण्याची गोष्ट

केस कापायला तुम्ही शेवटचे कधी गेलात? नाही ना आठवत? रविवारी उशिरा उठलात, आरशात पाहिलं, पायात चप्पल सरकवली आणि निघालात. सलूनमध्ये गर्दी दिसली तर 'नंतर येतो' म्हणून कोपऱ्यावर चहा मारलात. यात लक्षात ठेवण्यासारखं आहे तरी काय?

मॉरिस फ्रँकला मात्र त्याचं एक केस कापणं जन्मभर लक्षात राहिलं.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा हा तरुण. विमा विकायचा. म्हणजे सेल्सवाला, तुमच्या-आमच्या जातकुळीतला. सहा वर्षांचा असताना घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागली आणि एक डोळा गेला. सोळाव्या वर्षी बॉक्सिंग खेळताना ठोसा बसला, दुसराही गेला. तेव्हापासून गिऱ्हाइकाकडे जायचं तर पैसे देऊन ठेवलेला एखादा पोरगा सोबत हवा. पोरगा कंटाळला की काम बोंबललं! आणि केस कापायचे तर वडील कामावर जाताना त्याला सलूनमध्ये सोडणार. केस कापून व्हायचे पटकन, पण कोणी न्यायला येईपर्यंत हा तिथेच बसून. घ्यायला कोणी न आलेल्या पार्सलसारखा.

नोव्हेंबर 1927 मध्ये वडिलांनी त्याला 'सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट'मधला एक लेख वाचून दाखवला. लिहिणाऱ्या होत्या डोरोथी युस्टिस, स्वित्झर्लंडमध्ये राहून पोलिसांसाठी जर्मन शेफर्ड कुत्रे तयार करणाऱ्या एक अमेरिकन बाई. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या जर्मन सैनिकांना वाट दाखवण्यासाठी जर्मनीत कुत्रे शिकवले जात. ते पाहून बाई थक्क झाल्या होत्या. एकोणीस वर्षांच्या मॉरिसने त्यांना पत्र धाडलं. मला असा कुत्रा मिळवून द्या, मी इथल्या बाकीच्या अंधांसाठी हे काम सुरू करतो, असा त्याचा सौदा होता. (म्हटलं ना, सेल्सवाला!)

बाईंनी बोलावलं. 1928 च्या वसंतात मॉरिस बोटीने निघाला, तोही अक्षरशः कुणाच्या तरी ताब्यात दिलेल्या सामानासारखा. वेवे गावावरच्या डोंगरात बाईंचं केंद्र होतं. तिथे त्याच्या हातात एका जर्मन शेफर्ड कुत्रीचा पट्टा आला. तिचं नाव होतं 'किस'. आता विशीतला पोरगा भर रस्त्यात 'किस, किस' अशा हाका मारत फिरणार? त्याने तिचं नाव बदलून 'बडी' ठेवलं.

जॅक हम्फ्री हे त्याचे शिक्षक. त्यांनी काही आठवडे या जोडीला रस्त्यांवरून पिदडलं. मग एक दिवस मॉरिसचे केस वाढले. त्याला वाटलं, आता कोणीतरी आपल्याला घेऊन जाईल. पण त्याला सांगण्यात आलं, कुत्री आहे ना तुझ्याकडे? जा की! तो गेला. केस कापले, उठला आणि बाहेर पडला. कोणाची वाट बघायची नव्हती. त्या दिवशी तो रस्त्याने हसत सुटला होता म्हणे.

मला विचाराल तर गाइड डॉगची खरी गोष्ट इथेच आहे. पण आपल्याला थरार हवा असतो, तर तोही घ्या. जून 1928 मध्ये मॉरिस न्यूयॉर्कला परतला. बंदरावर पत्रकार जमलेले. एकाने आव्हान दिलं, ही वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव! ट्रक आणि गाड्यांनी भरलेला तो भलामोठा रस्ता डोळस माणसांनाही नको वाटायचा. मॉरिस म्हणाला, चल बडी. मध्येच त्याचं दिशेचं भान गेलं, आवाजांनी डोकं भणभणलं. बडी थांबत, मागे सरत, पुन्हा पुढे होत त्याला पलीकडे घेऊन गेली. त्याने युस्टिसबाईंना एका शब्दाची तार केली. 'सक्सेस'.

हे ऐकलं की आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं होतं : कुत्रा हुशार, माणूस बिचारा, कुत्रा त्याला हवं तिथे पोचवतो. साफ चूक! गाइड डॉग म्हणजे रिक्षा नव्हे. 'शिवाजी पार्क चलो' म्हणून त्यात बसता येत नाही. कुठे जायचं, किती गल्ल्या सोडून वळायचं, हे सगळं माणसाच्या डोक्यात. 'लेफ्ट', 'राइट', 'फॉरवर्ड' हे त्याने सांगायचं. सिग्नलचा रंग कुत्रा बघत नाही. रहदारीचा आवाज ऐकून, कधी निघायचं ते माणूसच ठरवतो. कुत्रा बघतो खड्डा, खांब, पायरी आणि लटकणारी फांदीसुद्धा. ती फांदी कुत्र्याच्या डोक्याला कधीच लागणार नसते, तरी पट्टा धरणाऱ्याच्या उंचीचा हिशेब त्याला शिकवलेला असतो.

आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे न ऐकणं. माणूस म्हणाला 'फॉरवर्ड' आणि समोरून गाडी आली, तर कुत्रा हलत नाही. हुकूम मोडायचा कधी, हेही त्याला शिकवतात. (काही बॉस लोकांना टीममध्ये असा एकजण हवाच!)

त्याच वेस्ट स्ट्रीटच्या काठावर पुढे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे टॉवर उभे राहिले. 11 सप्टेंबर 2001 च्या सकाळी उत्तरेकडच्या टॉवरमध्ये 78 व्या मजल्यावर मायकेल हिंगसन ऑफिसात होते. जन्मापासून अंध आणि कंपनीत सेल्स मॅनेजर. (हो, पुन्हा सेल्स.) त्यांची पिवळी लॅब्रॅडॉर रोझेल टेबलाखाली झोपली होती. वरच्या मजल्यांवर विमान आदळलं. दोघं 1463 पायऱ्या उतरून बाहेर पडले. जगभर बातमी झाली, कुत्रीने मालकाला वाचवलं. हिंगसन मात्र सांगत राहिले की ते टीमवर्क होतं. बाहेर पडायचे मार्ग त्यांनी आधीच पाठ केले होते. रोझेल शांत होती, म्हणजे जवळ आग नाही, हे त्यांनी ओळखलं. ते घाबरले नाहीत, म्हणून रोझेल चालत राहिली. घरी पोचल्यावर तिचा पट्टा काढला, तर ही घरातल्या दुसऱ्या कुत्रीबरोबर खेळायला पळाली!

मॉरिसने आपला शब्द पाळला. जानेवारी 1929 मध्ये नॅशव्हिलला 'द सीइंग आय' ही अमेरिकेतली पहिली गाइड डॉग शाळा सुरू झाली. पुढे ती न्यू जर्सीत गेली. बडीला घेऊन तो देशभर भाषणं देत फिरला. हॉटेलवाले दार अडवत, रेल्वेवाले बडीला सामानाच्या डब्यात टाका म्हणत. तो भांडत राहिला. 1935 पर्यंत रेल्वे कंपन्या नमल्या. शाळेने पहिल्या कुत्र्याची फी 150 डॉलर ठेवली आणि ती दशकानुदशके वाढवली नाही. कुत्रा तयार करायचा खर्च याच्या कैक पट, मग ही किरकोळ रक्कम घ्यायचीच कशाला? तर कुत्रा दान म्हणून नको, स्वतःच्या पैशाने घेतलेला असावा म्हणून.

साहजिकच पुढचा प्रश्न : आपल्याकडे का दिसत नाहीत हे कुत्रे? दादर स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभे राहा, उत्तर मिळेल. फुटपाथ खोदलेला, उरलेल्यावर दुकान मांडलेलं, त्यावर पार्क केलेली बाइक आणि भुंकत अंगावर येणारी गल्लीतली गँग. एवढं करून ऑफिसला पोचलाच, तर वॉचमन म्हणणार, 'कुत्रा अलाउड नाही साहेब'. आपल्या शहरात अंध माणसाची भिस्त पांढऱ्या काठीवर आणि 'चला, सोडतो' म्हणणाऱ्या हातावर. तो हात चांगलाच असतो. पण तो आपल्याला वाटेल तेव्हा येतो, त्यांना हवा तेव्हा नाही. एकदा स्वतः डोळे मिटून ऑफिसच्या लिफ्टपासून टेबलापर्यंत जाऊन बघा. मी गेले. अकरा पावलांवर पाण्याचा कूलर होता.

परदेशात कामाला गेलात आणि मेट्रोमध्ये असा कुत्रा दिसला, तर एक पथ्य पाळा. अंगावर पट्टा असेपर्यंत त्याला गोंजारू नका, बिस्किट तर नकोच. तो ड्यूटीवर आहे. बोलायचं असेल तर माणसाशी बोला.

बडी 1938 मध्ये गेली. त्यानंतरच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव मॉरिसने बडीच ठेवलं. 1956 मध्ये त्याने 'सीइंग आय'चं काम सोडलं आणि न्यू जर्सीतल्या मोरिसटाउनमध्ये स्वतःचा धंदा थाटला. कसला? विम्याचा!